मुलाखतीची तारीख

अल्लीपूरची अंगणवाडी सेविका जयवंता बेचाळिसाव्या वर्षी लिहायला लागली. त्याआधी ती फक्त वाचत असे, हाताला लागेल ते. पहिली गोष्ट तिने अंगणवाडीच्या एका जुन्या रजिस्टरच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिली. वर्ध्याच्या 'ओलीत' साप्ताहिकाने ती छापली. नवरा धनंजय अंक शर्टाच्या खिशात घालून दोन दिवस वावरात नेत राहिला.

मग ती दर शनिवारी एसटीने वर्ध्याला जाऊ लागली. तिथे निवृत्त प्राध्यापिका इंदिराबाई यांच्या घरी दुपारी पाच-सात लिहिणारी माणसं जमत. कोणी कविता आणी, कोणी प्रवासवर्णन. रहस्यकथा लिहिणारी जयवंता एकटीच होती. इंदिराबाई तिची पानं सगळ्यात शेवटी घेत, कारण त्यांना ती घाईत वाचायची नसत.

चार वर्षांनी 'ओलीत'मध्ये तिची पहिली कादंबरी क्रमशः सुरू झाली. नाव होतं 'चिंचघाटची डाक'. चिंचघाट नावाच्या गावात मुलींची पत्रं येईनाशी होतात. कोणाला नोकरीचं बोलावणं येत नाही, कोणाला कॉलेजचं. पत्रं जातात कुठे?

हा विषय तिने दुरून आणला नव्हता. तिचं माहेर धामणखेडा, गिरडच्या टेकडीपासून कोसभर आत. बारावी झाल्यावर तिने वर्ध्याच्या एका अध्यापक विद्यालयात डी.एड.साठी अर्ज केला होता. मार्क चांगले होते. मैत्रिणींना मुलाखतीची पत्रं आली, तिचं आलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. पत्र तानबा पोस्टमनने हरवलं, हे सगळं गाव जाणत होतं. तानबा कधी कधी पिऊन येई. गिरडहून सायकलवर टपाल घेऊन तो वाचनालयात येई, सगळं तिथल्या टेबलावर ठेवी, आणि वाचनालयाचे सचिव वासुदेवराव ज्याचं त्याला पोचतं करत. पेपर वाचायला गाव तिथेच जमे, त्यामुळे ती सगळ्यांना सोय वाटे. पुढे गावाने तक्रारीचा अर्ज केला आणि तानबाचं ते काम सुटलं.

जयवंताच्या मनात कादंबरीतला गुन्हेगारही पोस्टमनच होता. इंदिराबाईंनी पहिले दोन भाग वाचून चष्मा कपाळावर सरकवला होता.

"पत्रं हरवतात आणि पोस्टमन दारू पितो. वाचक पहिल्याच भागात त्याला पकडेल. मग पुढचे बारा भाग त्याने काय करायचं?"

"मंग दुसरं कोन असू शकते, मॅडम?"

"ते तुम्ही ठरवा. पण एक लक्षात ठेवा. लपलेला माणूस पडद्यामागे ठेवायचा नाही. त्याला अंगणात बसवायचा, सगळ्यांच्या देखत. त्याचा सुगावा त्याच्या चांगुलपणात लपवा. वाईट माणसाचं प्रत्येक वाक्य वाचक तपासून बघतो. चांगल्या माणसाचं वाक्य तो तपासत नाही, नुसता सुखावतो."

जयवंताने हे वहीत उतरवून घेतलं. गुन्हेगार कोण हे मात्र ठरेना. सावकाराची बायको, शाळेचा शिपाई, पोरीचा मामा, एकेकाला तिने उभं करून पाहिलं, कोणीच टिकलं नाही. दरम्यान दर गुरुवारी अंक निघत होता आणि ती लिहीत होती. गावात एक भला माणूस हवा म्हणून तिने भाऊसाहेब नावाचं पात्र घेतलं: वाचनालय चालवणारे, पोरींना पुस्तकं देणारे. ते लिहायला तिला विचारच करावा लागला नाही. वासुदेवराव जसे होते तसे तिने उतरवले. लग्नानंतरही माहेरी गेली की ते तिला पिशवीभर पुस्तकं देत. अंगणवाडीच्या जागेसाठी अर्ज कसा लिहायचा हे त्यांनीच शिकवलं होतं. कादंबरीच्या पहिल्या भागावर तिने छापून घेतलं होतं, 'वासुदेवकाकाजींना'.

नववा भाग तिने नोव्हेंबरात लिहिला. त्यात नायिका वाट पाहून थकते आणि भाऊसाहेब तिला समजावतात. शनिवारी इंदिराबाईंनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि पानावर बोट ठेवलं.

"जयवंता, हे फार सुरेख जमलं. इतकं हळू की नव्वद टक्के वाचकांना कळणारसुद्धा नाही."

"कोन्तं, मॅडम?"

"हेच की. 'एकवीस तारीख तर गेली पोरी, आता मनाला लावून घेऊ नकोस.' म्हणजे तुम्ही ठरवलंत. भाऊसाहेब."

जयवंता हसली. "नाई मॅडम. भाऊसाहेब तं चांगले हायेत. ते तिले धीर देऊन राह्यले."

"मग त्यांना मुलाखतीची तारीख कशी कळली?"

बाकीची मंडळी चहा घेत होती. जयवंताने पान स्वतःकडे ओढलं.

"पत्र आलंच नाही," इंदिराबाई म्हणाल्या. "मुलीला तारीख माहीत नाही. बापाला माहीत नाही. तारीख फक्त पत्रात होती. मी समजले तुम्ही मुद्दाम पेरलंत. मुद्दाम नसेल तर चूक आहे, काढून टाका. पण माझं ऐका, काढू नका. हे असं सहज सुचत नाही."

"सुचलं नाई मॅडम," जयवंता म्हणाली. "हे असंच झालं होतं. मले काकाजी असंच म्हनले होते. पोळ्याच्या आधी, वाचनालयाच्या पायरीवर. मी याद करून लिहलं."

इंदिराबाईंनी तिच्यासमोरचा चहाचा कप थोडा पुढे सरकवला.

परतीच्या एसटीत जयवंताला खिडकीशी जागा मिळाली, पण बाहेर तिचं लक्ष नव्हतं. अठ्ठावीस वर्षं ते वाक्य तिने जपून ठेवलं होतं. त्या दिवसांत तिच्याशी मायेने बोललेलं ते एकच वाक्य होतं. पायरीवर ती रडत होती आणि वासुदेवरावांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला होता. पेपरात तारीख आली असेल का? नाही. मैत्रिणींच्या तारखा वेगवेगळ्या होत्या, कोणाची एकोणीस, कोणाची चोवीस. एकवीस कोणाचीच नव्हती.

घरी आल्यावर तिने धनंजयला सांगितलं. तो कापसाची बोंडं काढलेल्या पऱ्हाटीच्या काड्या मोडत अंगणात बसला होता. ऐकून घेतल्यावर त्याने हातातली काडी खाली ठेवली.

"बुढ्याले अठ्ठ्याहत्तर लागलं," तो म्हणाला. "आता इचारून काय भेटन तुले?"

"काही नाई भेटनार. पन मले इचाराचं हाये."

"मंग उद्या जाऊ. गाडीत पेट्रोल हाये."

रविवारी दहाच्या सुमाराला ते धामणखेड्यात पोचले. वासुदेवराव घरासमोर खाटेवर उन्हात बसले होते. मांडीवर 'ओलीत'चा अंक होता. तिला पाहून त्यांचा चेहरा फुलला.

"ये जयू. जावईबुवा, या. तुहंच वाचून राह्यलो होतो. पोस्टमनचं लय चांगलं रंगवलं तू."

त्यांची सून पाणी ठेवून आत गेली. जयवंताने पाणी घेतलं नाही.

"काकाजी, मले एक इचाराचं हाये. माह्या मुलाखतीची तारीख तुमाले कशी माहीत होती?"

"कोन्ती मुलाखत?"

"डी.एड.ची. माहं पत्र आलंच नाई. अन् तुमी मले म्हनलं, एकवीस तारीख तं गेली पोरी."

"पेपरात पाह्यली असन."

"पेपरात नव्हती. साऱ्यायच्या तारखा येगळ्या होत्या. एकवीस माह्या पत्रातच असन."

वासुदेवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि घातलाच नाही. चष्म्याविना त्यांचे डोळे लहान आणि थकलेले दिसत होते. ती उठून निघून जाईल म्हणून ते थांबले असावेत. ती उठली नाही.

"आदल्या साली गावातली एक पोर वर्ध्याले शिकाले गेली अन् तिकडंच लग्न करून बसली," ते अखेर म्हणाले. "तुले याद असन. लोकायनं सातवी-आठवीतल्या पोरी घरी बसवल्या. मी घरोघरी फिरलो, हात जोडले, तवा कुठं त्या शाळेत परत आल्या. लगेच तू गेली असती अन् काही झालं असतं, तं या गावात पोरीची शाळाच बंद पडली असती."

"मी काय केलं असतं?"

"मले काय माहीत, बाई? कोनाले माहीत असते? एका पोरीचं पाहू का साऱ्या गावाचं?"

"म्हून तुमी माहं पत्र ठेवलं."

"ठेवलं," ते म्हणाले. इतक्या साधेपणाने, की धनंजयने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. "अन् तुले सांगतो, तुह्या बापालेबी तेच पाह्यजे होतं. 'वासुदेवा, पोरीले पाठवाचं नाई, पन तिच्या तोंडावर नाई म्हनवत नाई,' असं मले तो म्हनला होता. मरून गेला बिचारा. मी कधी बोललो नाई."

हे शेवटचं जयवंताच्या वर्मी लागलं. ती उठून उभी राहिली.

वासुदेवराव मायेनेच बोलत होते. "तू मोठी लेखिका झाली, मले अभिमान हाये. गोष्टीत तानबाच ठेव. बारा वर्षं झाले त्याले मरून. त्याले आता काय फरक पडते?"

"त्याले फरक पडून झाला काकाजी," ती म्हणाली. "त्याच्यावरच्या तक्रारीचा अर्ज तुमीच लिहून देल्ला होता. माह्या बाबाची सही तुमीच घेतली होती त्याच्यावर."

ती तिथून निघाली ती थेट माहेरच्या घरी. देवकाबाई, तिची आई, ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, कानाने थोडी कमी, बाकी ठणठणीत.

"माय, बाबाले मले वर्ध्याले पाठवाचं नव्हतं का?"

"कोन म्हनते?"

"काकाजी म्हनतात. वासुदेवकाकाजी."

देवकाबाईने सूप बाजूला ठेवलं. "तुहा बाप तीन खेपा सायकलनं गिरडच्या पोस्टात गेलता. तुले सांगतलं नाई, तू रडून राह्यली होती म्हून. तिसऱ्या खेपेले तिथल्या बाबूनं सांगतलं, तुमच्या गावचं सारं टपाल तानबाजवळ देल्लं. मंग आला अन् भर चौकात तानबाच्या अंगावर धावून गेला. जिता असेपर्यंत बोलला नाई त्याच्याशी. तानबा म्हने, दाजी, मी वाचनालयात ठेवलं, आनभाक घेऊन सांगतो. कोनी आयकलं नाई."

"वाचनालयातच ठेवलं होतं माय. काकाजीनं घेतलं."

म्हातारीने पदराने हात पुसले.

"तुह्या बापानं एका भल्या मानसाले आयुष्यभर वाईट धरलं," ती म्हणाली. "अन् ज्यानं केलं त्याले घरच्या कार्यात पयला पाट देल्ला." मग तिने पुन्हा सूप मांडीवर घेतलं. "तुले लिहता येते नं? मंग इथं काऊन बसली?"

पुढच्या शनिवारी इंदिराबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट विचारली. "आता तुम्ही कादंबरी लिहिताय, की सूड घेताय?"

जयवंताला या प्रश्नाचा राग आला. आठवडाभर तीही स्वतःला हेच विचारत होती. "मॅडम, सूड घ्याचा असता तं मी त्याहीचं नाव लिहलं असतं. मी भाऊसाहेबच लिहीन. पन नऊ भागात मी जेवढं लिहलं, त्याच्यातून दुसरं कोनी निघतच नाई. टेबलावर पत्र आलं अन् टेबलावरून गेलं. आता मी पोस्टमनले पकडलं तं मीबी तेच केलं, जे गावानं केलं."

"मग लिहा. एक सांगते. त्याला काळा रंगवू नका. पुढच्या भागांतही त्याला पोरींना पुस्तकं देऊ द्या, आजाऱ्याला दवाखान्यात नेऊ द्या. जितका चांगला आहे तितका राहू द्या. त्यानेच वाचकाचा थरकाप होईल."

दहा, अकरा, बारा. तीन भाग तिने असे लिहिले की हात दुखून आला. भाऊसाहेब अंगणात बसून राहिले, पोरींच्या डोक्यावर हात ठेवत राहिले. प्रत्येक भागात तिने एक बारीक गोष्ट ठेवली. भाऊसाहेबांना कोणाकडे काय आलं ते आधी ठाऊक असतं. ते कधीच विचारत नाहीत की पत्र आलं का, ते विचारतात की मन लागतं का. हे लिहिताना तिला खऱ्या वासुदेवरावांची एकेक गोष्ट आठवे आणि ती पेन खाली ठेवून अंगणात फेऱ्या मारी. ज्या माणसाने तिला वाचनाची गोडी लावली, त्यानेच तिचं कॉलेज काढून घेतलं होतं. दोन्ही खरं होतं. एकाने दुसरं पुसलं जात नव्हतं, आणि याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येई.

तेरावा, म्हणजे शेवटचा भाग तिने पाठवला आणि दुसऱ्या दिवशी 'ओलीत'चे संपादक देवेंद्र यांचा फोन आला.

"ताई, भाग उत्तम आहे. पण एक अडचण आहे. धामणखेड्याच्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली, त्याची पुरवणी आपण काढतोय. तिथून फोन आला होता."

"कोणाचा?"

"नाव राहू द्या. त्यांचं म्हणणं, वाचनालय, सचिव, गिरडजवळचं गाव, लोक जोडून घेतील. तुम्ही पोस्टमनच ठेवा ना. वाचकांनाही तोच वाटतोय."

"वाचकाला तोच वाटावा म्हणूनच तर बारा भाग लिहिले मी."

"एवढं एक ऐका, ताई."

"नाही ऐकणार, भाऊ. छापायचा तर आहे तसा छापा."

गुरुवारच्या अंकात तिच्या जागी चौकट होती: 'लेखिकेच्या प्रकृतीच्या कारणास्तव कादंबरीचा अंतिम भाग प्रसिद्ध करता येत नाही, वाचकांनी क्षमा करावी.' शुक्रवारी अंगणवाडीत मुलांच्या आया विचारपूस करायला आल्या. एकीने पपईच्या पानांचा रस आणला होता, पेशी कमी झाल्या असतील म्हणून. जयवंताने तो घेतला, आणि मग देवेंद्रला एवढंच कळवलं की ती पूर्ण बरी आहे आणि हे खोटं त्याने कोणाला विचारून छापलं. उत्तर आलं नाही.

वाचनालयाचा सुवर्णमहोत्सव जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी होता. पत्रिका महिन्याभरापूर्वीच छापून वाटल्या होत्या आणि त्यात 'गावची लेक, लेखिका सौ. जयवंता यांचा सत्कार' असं ठळक होतं. तिचं नाव काढायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ती भिडेने गप्प बसेल, असा समितीचा अंदाज असावा. शनिवारी संध्याकाळी धनंजयने विचारलं, "खरंच जाऊन राह्यली?"

"बोलावलं हाये नं."

"मंग मी समोरच बसतो."

मंडप वाचनालयासमोर होता. बायका डावीकडे सतरंजीवर, पुरुष खुर्च्यांवर, मागे पंगतीसाठी मोठमोठी पातेली. व्यासपीठावर वासुदेवराव मधल्या खुर्चीत होते, खांद्यावर नवी शाल. देवेंद्र पहिल्या रांगेत कॅमेरा घेऊन होता. वासुदेवरावांबद्दल पाच जण बोलले आणि पाचही जण खरं बोलले. त्यांनी पुस्तकं जमवली होती, छप्पर घातलं होतं, बंद पडलेली शाळा पुन्हा भरवली होती. मग जयवंताला शाल आणि नारळ दिला आणि सूत्रसंचालक म्हणाला, ताई दोन शब्द बोलतील.

तिने पिशवीतून कागद काढले.

"मी बोलत नाही. माझ्या कादंबरीचा शेवटचा भाग साप्ताहिकात आला नाही. माझी प्रकृती बिघडली असं छापून आलं. माझी प्रकृती चांगली आहे. तो भाग मी इथे वाचते."

"ताई, वेळ कमी आहे," सूत्रसंचालक हळूच म्हणाला.

"पंधरा मिनिटं लागतील. सगळे पंधरा-पंधरा मिनिटंच बोलले."

ती वाचू लागली. त्या भागात नायिका मोठी होऊन गावी परत येते, भाऊसाहेबांच्या पायाशी बसते आणि विचारते, तुम्हाला तारीख कशी कळली? भाऊसाहेब खोटं बोलत नाहीत. ते सांगतात की गाव वाचवायला एखादी पोर मागे ठेवावी लागते. नायिका म्हणते, तुम्ही मला मागे ठेवलं तेव्हा मला विचारलं असतं, तर कदाचित मीच थांबले असते. तुम्ही विचारलं नाही, आणि दुसऱ्याच्या माथी मारलं. मग ती चौकात जाऊन पोस्टमनच्या बंद दारासमोर उभी राहते आणि गावाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात सांगते की ह्या माणसाने काही हरवलं नव्हतं.

वाचताना तिने एकदाही वासुदेवरावांकडे पाहिलं नाही. वाचून झाल्यावर कागद नीट जुळवले. टाळी वाजली नाही. पुरुषांच्या बाजूने कोणीतरी खाकरलं. सूत्रसंचालकाने माईककडे हात नेला, तेवढ्यात सतरंजीवरून एक बाई उठून उभी राहिली. ती अनुसयाबाई होती, पन्नाशीची, गावातच दिलेली, तिसऱ्या गल्लीतली.

"माहं नर्सिंगचं पत्र आलं नव्हतं," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी आवाज मंडपभर गेला. "या बाईच्या एक साल आधी. मी तानबाले लय शिव्या देल्ल्या. काकाजी, ते तुमी ठेवलं का?"

सगळे वासुदेवरावांकडे पाहू लागले. त्यांना 'कादंबरी आहे, बाई' असं म्हणून सुटता आलं असतं. कदाचित थकव्याने, कदाचित पन्नास वर्षं गावादेखत कोणी प्रश्न विचारला नाही म्हणून, ते सरळ बोलले.

"मी गावाचं भलं केलं."

"माहं भलं मी पाह्यलं असतं," अनुसयाबाई म्हणाली आणि खाली बसली.

त्यानंतर गोंधळ झाला असं कोणी सांगेल, पण तसं झालं नाही. काही लोक उठून गेले. वासुदेवरावांच्या मुलाने वडिलांना हाताला धरून घरी नेलं. समितीचे एक जण जयवंताला म्हणाले की तिने गावाचं अन्न खाऊन गावाची अब्रू काढली. ती म्हणाली की अजून जेवण व्हायचं आहे. आणि पंगत बसल्यावर ती खरंच बायकांच्या रांगेत बसून वांग्याची भाजी आणि बुंदी जेवली. पान पूर्ण स्वच्छ केलं. शेजारी बसलेल्या दोघी तिच्याशी बोलल्या नाहीत. समोरच्या एकीने न विचारता तिच्या पानात आणखी बुंदी वाढायला लावली.

चार दिवसांनी तानबाचा मुलगा अल्लीपूरला आला. समुद्रपूरला ट्रॅक्टर दुरुस्ती करणारा, पन्नाशीला टेकलेला माणूस. तो अंगणवाडीच्या दारात चपला काढून उभा राहिला आणि त्या कागदांची प्रत मागितली. जयवंताने हाताने लिहिलेलं मूळच दिलं. त्याने दारातच उभ्याने सगळं वाचलं, घडी घातली, म्हणाला, "माह्या मायले वाचून दाखवतो," आणि गेला.

देवेंद्रचा फोन त्याच आठवड्यात आला. कार्यक्रमात कोणीतरी काढलेला व्हिडिओ मोबाईलवर फिरत होता आणि वाचक अंक मागत होते. तो शेवटचा भाग छापायला तयार होता. जयवंताने एक अट घातली. तेराव्या भागाच्या वर त्याच आकाराची चौकट आली: 'लेखिकेच्या प्रकृतीविषयी यापूर्वी दिलेली माहिती खरी नव्हती.' इंदिराबाईंनी तो अंक शनिवारी सगळ्यांना दाखवला आणि पहिल्यांदाच जयवंताच्या एकाही वाक्यावर बोट ठेवलं नाही.

वासुदेवरावांनी सचिवपद सोडलं. ते आजारी पडले असं कळलं, मग बरे झाले असं कळलं. जयवंता त्यांना भेटायला गेली नाही. कधी कधी एखादं चांगलं पुस्तक वाचून झालं की त्यांना सांगावं असं तिला वाटे. मग ती पुस्तक मिटून ठेवून देई. धनंजयला ते कळायचं.

फेब्रुवारीत वाचनालय समितीचं पत्र आलं. संस्थेची बदनामी केल्याबद्दल तिने पंधरा दिवसांत लेखी माफी मागावी, अन्यथा आजीव सदस्यत्व रद्द करण्यात येईल. जयवंताने उत्तर एकाच बैठकीत लिहिलं. मी माफी मागणार नाही. सदस्यत्व रद्द करण्याचा अधिकार आपणास आहे. वाचनालयाची माझ्याकडे असलेली तीन पुस्तकं सोबत परत करते. वाचनालय गावाचं आहे आणि मी गावाची आहे, म्हणून नवीन सदस्यत्वासाठी माझा अर्ज जोडला आहे, तो पुढील सभेत विचारासाठी ठेवावा.

ते घेऊन ती स्वतः धामणखेड्याला गेली. टेबलामागे समितीचे नवे सचिव बसले होते. त्यांनी अर्ज वाचला, तिच्याकडे पाहिलं, पुन्हा वाचला.

"ठेवून जा. पाहू."

"पोच द्या," जयवंता म्हणाली. "तारीख टाकून."

सचिवांनी खण उघडला, शिक्का शोधायला वेळ लावला. पेपर वाचणाऱ्या दोघा-तिघांनी माना वर केल्या. पोच हातात पडेपर्यंत ती टेबलासमोर उभी राहिली.